मुरड

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात आई गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेली आणि ओल्या फरशीवर घसरली. उजवा हात मनगटात मोडला. हातातला तांब्याचा गडू कठड्याच्या पायथ्याशी आपटला आणि त्याच्या पोटाला सुपारीएवढा पोचा आला. आई शहात्तर वर्षांची आहे. प्लास्टर घालून घरी आणलं, उशीवर हात ठेवून दिला, चहा दिला. दोन घोट घेतल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "गौरींच्या कानवल्याला मुरड कोण घालणार?"

आमच्याकडे उभ्या गौरी असतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. निघायच्या दिवशी नैवेद्याला दहीभात आणि मुरडीचा कानवला. माहेरवाशीण सासरी निघाली की तिला मुरडीचा कानवला द्यायचा, म्हणजे ती पुन्हा माहेरी मुरडून येते, अशी त्यामागची समजूत. त्यामुळे त्या दिवशी कातण्यानं कापलेली कड चालत नाही. साच्यातली करंजी तर नाहीच नाही. कड हातानं दुमडत, वळवत न्यायची. तीच मुरड. माझ्या आठवणीत आमच्या घरात ती फक्त आईनं घातली आहे, त्याआधी आजीनं. मी कणीक मळायचे, नारळ खवायचे, तळायचे. कड आईकडे.

असं का, तेही सांगते. सातवीत मी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असायचे. परीक्षेआधी शाळेत सराव चालायचा. एकदा चित्रकलेच्या शिक्षकांनी माझा सरावाचा कागद सगळ्या वर्गाला दिसेल असा वर धरला आणि म्हणाले, काहींच्या हातात कला असते, काहींच्या नसते, नसलेल्यांनी उगाच वेळ घालवू नये. पुढे परीक्षेत मी नापास झाले तेव्हा त्यांचं म्हणणं सिद्धच झालं, असं मला वाटलं. बारा वर्षांच्या मुलीनं ते वाक्य जसंच्या तसं आत ठेवून दिलं. पुढं वाणिज्य शाखा, मग जमाखर्चाची नोकरी. कला म्हणजे बालगंधर्वच्या कलादालनात भिंतीवर लागते ती, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मांडवात थंडीत शाल गुंडाळून ऐकतो ती. मी तिथं आवडीनं जायचे. अजूनही जाते. पण घरी परत येताना ती माझ्याबरोबर येत नसे, तिकडेच राहायची.

आणि मुरड? तिला कला म्हणायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ती आईची एक गोष्ट होती, जशी तिची लाल काठाची साडी आईची होती.

गौरी निघायच्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत. मी ओट्याशी.

"पारी लाट. मधे जरा जाड, कडेला पातळ."

ओल्या नारळाचं सारण चमचाभर, एका अर्ध्यावर. कडेनं दुधाचं बोट फिरवायचं. दुमडायचं. आता कड बोटांच्या चिमटीत चेपत न्यायची, शक्य तितकी पातळ, कारण पुढं तिच्यावर घडी बसणार असते. जाड राहिली तर वरून तांबूस होते आणि आत कच्ची राहते. मग एका टोकापासून सुरुवात. टोक अंगठ्यानं उचलून आतल्या अंगाला वळवायचं आणि दाबायचं. त्या दाबानं शेजारी एक नवं टोक आपोआप तयार होतं. ते उचलायचं, आधीच्या घडीवर अर्धं चढवायचं, दाबायचं. पुन्हा शेजारी नवं टोक. प्रत्येक घडी पुढच्या घडीला जागा करून देते. शेवटचं टोक पोटाखाली नेऊन चिकटवायचं, म्हणजे सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते दिसत नाही.

हे आत्ता लिहिता येतंय. त्या सकाळी माझी पहिली कड तीन ठिकाणी फाटली. दुसरी दिसायला बरी होती, ती कढईत सोडली आणि ती हसली. करंजी तेलात उकलली की आमच्याकडे ती हसली म्हणतात. सारण बाहेर येतं, नारळ जळतो, तेल काळं पडतं आणि पुढच्या सगळ्या घाण्याला ते काळे कण चिकटतात. मी झाऱ्यानं कण गोळा करत होते तेव्हा आई म्हणाली, "अगं, मुरड शोभेसाठी नाही घालत. सुटू नये म्हणून घालतात."

मी थांबले. झारा तसाच हातात.

इतकी वर्षं मी ती वेलबुट्टी समजत होते. आईला हौस आहे, म्हणून ती कडेला नक्षी काढते, एवढंच. प्रत्यक्षात ती कुलूप होती. नुसती चेपलेली कड गरम तेलात वाफेच्या जोरानं उघडते. घडीवर घडी चढवली की उघडत नाही. आणि आईच्या घड्या सारख्या का असतात, हेही तेव्हाच कळलं. एक मोठी, एक छोटी असं झालं की छोटीच्या जागी कड कमजोर राहते आणि वाफ नेमकी तीच जागा शोधते. सगळ्या सारख्या असल्या की ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. म्हणजे आम्ही ज्याला सुबक म्हणतो ते आणि टिकाऊ म्हणतो ते, त्या कडेवर एकच काम होतं.

"मोजू नकोस," आई म्हणाली. "फार बघूही नकोस. अंगठ्याला कळू दे."

सहाव्या कानवल्याला अंगठ्याला थोडं कळलं. नैवेद्याच्या पानात आईनं तोच ठेवायला लावला. गौरींना तांदूळ वाहून हलवताना मी मूर्तींकडे कमी आणि त्या पानाकडेच जास्त बघत होते.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, निगुती. हल्ली ऐकू येत नाही फारसा. आजीच्या तोंडी सतत असायचा. निगुतीनं कर, तिची निगुती बघ, हात निगुतीचा आहे. नीटनेटकेपणा, काटकसर, लक्ष, माया आणि थोडी हुशारी हे सगळं त्यात येतं. कला हा शब्द आजीनं घरातल्या कुठल्याच कामाला कधी वापरला नाही. पण निगुती म्हणताना तिचा आवाज जसा व्हायचा, तसा माझा सवाईतून घरी आल्यावर गाण्याबद्दल बोलताना होतो. मला वाटतं आमच्या घरात तेच नाव होतं त्या गोष्टीला, आणि मी ते वेगळ्या कप्प्यात ठेवून दिलं होतं.

अनंत चतुर्दशी झाली, मांडव उतरले, कसबा पेठेतून पुन्हा सरळ चालता यायला लागलं. पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी पिशवीत गडू घेऊन मी तांबट आळीत गेले. ही आळी डोळ्यांच्या आधी कानांना सापडते. एका दारातून जड, सावकाश ठोके, पुढच्या दारातून हलके, भराभर. पेशवाईपासूनची ही वस्ती. एके काळी इथं पुण्यातल्या घराघरांतले बंब, हंडे आणि घंगाळं घडली. गिझर आले, स्टील आलं, आणि आळी आक्रसत गेली. आता पाण्याच्या बाटल्या, पेले, दिव्यांवरच्या छत्र्या असं काम जास्त दिसतं.

ज्यांच्याकडे गेले ते कारागीर पन्नाशीचे असतील. त्यांनी गडू हातात घेतला, दाराच्या उजेडाकडे फिरवला आणि त्याच्या पोटावरून अंगठा नेला, पोचा सोडून बाकी सगळीकडे. "जुनं मठाराचं काम आहे. हात चांगला होता," ते म्हणाले. कोणाचा हात, ते त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. तो गडू आजीच्या लग्नातला.

मठार म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यावर जे बारीक बारीक चकचकीत ठोके दिसतात ना, ते. प्रत्येक ठोका एक इवलासा आरसा. मी विचारलं की पोचा काढल्यावर त्या जागी ही नक्षी पुन्हा येईल का. ते म्हणाले, "येईल. पण ही दिसायला नसते ताई, ही अंगात बळ यायला असते."

पुढचा पाऊण तास मी तिथल्या पाटावर बसून राहिले. त्यांनी समजावलं ते असं. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत घडवताना तो ताठर होत जातो, मग त्याला आच देऊन लाल करायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं मऊच राहतं, म्हणून त्याला आकार देता येतो. पण आकार पुरा झाल्यावर ते तसंच मऊ सोडलं तर भरलेला हंडा उचलताना बोटांखाली दबेल. तेव्हा शेवटी त्याच्या सगळ्या अंगावर, एकही जागा न सोडता, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं ठोके घालायचे. ठोका बसला की तिथला पत्रा दाटतो, कडक होतो. ओळीनं घालायचे, कारण ओळ चुकली की जागा सुटते, आणि सुटलेली जागा मऊ राहते. माझ्या डोळ्यांसमोर कानवल्याची कड आली. त्यांना सांगितलं नाही, पण आली.

मग त्यांनी काम सुरू केलं. रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर गडू आतून टेकवला, पोचा बाहेर काढला, आच दिली. नंतर हातोडी निवडायला बसले. शेजारी आठ-दहा होत्या. एक घेतली, गडूच्या जुन्या ठोक्याशेजारी तिचं तोंड धरून पाहिलं, ठेवली. दुसरी घेतली, ठेवली. तिसरी घेतली आणि फुटक्या पत्र्याच्या तुकड्यावर तिचा एक ठोका मारून पाहिला, मग तो तुकडा गडूशेजारी धरला. जुन्या कारागिराच्या ठोक्याच्या मापाचा ठोका त्यांना हवा होता. मला फरक कळला नसता. आईलाही नसता. गडू देवघरात ठेवला तर ती बाजू भिंतीकडेच राहणार होती. कामाचे पैसे आधीच ठरले होते, त्यात एका पैशाचा फरक पडणार नव्हता.

ठोके सुरू झाले तेव्हा मी उजव्या हाताकडे बघत होते, सगळेच बघत असतील. थोड्या वेळानं लक्षात आलं की खरं काम डावा हात करतोय. हातोडी एकाच जागी पडते. डावा हात गडू फिरवतो, दर वेळी एका ठोक्याच्या रुंदीइतका, कमी नाही, जास्त नाही. हे करताना ते माझ्याशी बोलत होते, रस्त्यावरच्या कोणाला हाकही मारत होते. मी विचारलं, न बघता ठोका नेमका कसा पडतो? ते म्हणाले, "आवाज." गडूच्या आत खुंटा टेकलेला असेल तिथं ठोका पडला तर आवाज भरीव येतो, जराशी फट राहिली तर पोकळ येतो. कान सांगतो, हात सरकतो. मग त्यांनी हसून आपल्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "आता एक कमी ऐकतो. पण तो ह्या कामाचा नाही, दुसरा." आळीत जन्म घालवलेल्या माणसाच्या कानांना द्यावी लागलेली ती किंमत होती. त्यांनी ती तक्रारीच्या सुरात सांगितली नाही, म्हणून मला जास्त लागली.

झळाळी द्यायला दोन तास लागतील म्हणाले. मी चालत निघाले. शनिवारवाड्यावरून अप्पा बळवंत चौक, तिथून बाजीराव रस्ता. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर एक बाई गजरे ओवत होती, दोन कळ्या उजवीकडे, दोन डावीकडे, गाठ, आणि तोंडानं शेजारणीशी घरच्या गोष्टी. एक इस्त्रीवाला शर्टाची बाही मोडताना तिच्यावरून तळहात फिरवत होता, तशी काही गरज नसताना. एरवी ह्या सगळ्यावरून माझी नजर रस्त्यावरच्या नेहमीच्या गर्दीवरून जाते तशी गेली असती.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहलीनंतर गेलेच नव्हते. सहलीच्या वेळी आम्ही मस्तानी महालाशी घोटाळलो आणि बाकीच्या दालनांतून ओळीनं पळवले गेलो. ह्या वेळी सावकाश पाहिलं. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०, घरच्या चष्म्यांच्या व्यवसायातला माणूस, 'अज्ञातवासी' ह्या नावानं कविता करायचे. राजा हा त्यांचा मुलगा, तो लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हा सगळा संग्रह उभा आहे. १९६२ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. आणि त्यांनी जमवलं काय? अडकित्ते. पणत्या, समया, लामणदिवे. फण्या. दौती. टाचा घासायच्या वज्र्या. स्वयंपाकाची भांडी. मूल गमावलेला एक माणूस गावोगाव फिरून लोकांच्या घरांतल्या रोजच्या हाताळण्याच्या वस्तू गोळा करत राहिला. ह्याचा अर्थ लावायला मी धजत नाही, पण दालनात उभं राहिलं की गळा दाटतो.

अडकित्त्यांपाशी मी बराच वेळ होते. सुपारी कातरायला दोन दांडे आणि एक पातं पुरतं. खिळ सुपारीच्या जवळ हवी, दांडे लांब हवेत, म्हणजे थोड्या जोरात काम होतं. ह्याच्या पलीकडे अडकित्त्याकडून कोणाला काही नको असतं. तरी त्याचा पोपट झालाय, घोडा झालाय, मोर झालाय. इथं मात्र आईचं आणि तांबटांचं उत्तर पुरत नाही. मोर नसता तरी सुपारी कातरली गेली असती. मी ह्यावर पुष्कळ विचार केला. मला एवढंच सुचतं, की जेवण झाल्यावर पान जमवत बसलेल्या माणसाच्या हातात तो अडकित्ता दिवसातून चार वेळा येणार, हे करणाऱ्याला माहीत होतं. त्या चार वेळांची त्याला काळजी होती. वज्रीचंही तेच. टाच घासायची वस्तू ती, न्हाणीघरात पडून राहणार, तिच्या पाठीवर कोणीतरी पक्षी बसवला.

पाट्यांवर बहुतेक ठिकाणी कारागिराचं नाव नाही. वस्तू कशाची, कुठली, एवढंच. आणि जमवणाऱ्यानं स्वतःसाठी नाव घेतलं होतं अज्ञातवासी.

बाहेर पडताना वाटलं, पण ह्या झाल्या उरणाऱ्या वस्तू. तांबं उरतं, पितळ उरतं. आईच्या मुरडी कुठल्या कपाटात ठेवणार? त्या संध्याकाळपर्यंत खाऊन संपतात. आजी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची, झोपाळ्यावरची गौर, शंख, कासव, नाग, गोपद्मं, चंद्र, सूर्य, सगळं शिरगोळ्याच्या चिमटीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच झाडून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून काढायची. तिच्या एकाही चैत्रांगणाचा फोटो आमच्याकडे नाही.

न उरणाऱ्या गोष्टी कोणी उरवल्याचं एक मोठं उदाहरण पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पोआतवँ ह्या दोघांनी, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गावोगावच्या बायकांनी, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुरुवात मुळशी-मावळाच्या डोंगरी गावांतून झाली आणि संग्रह एक लाखाच्या वर गेला. एक लाख ओव्या, पहाटेच्या अंधारात, दळता दळता रचलेल्या. भाऊ, लेक, सासर, विठ्ठल, पाऊस, उपास, मार. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याची आहे. जातं नसतं तर ती चाल अशी नसती. इथंही काम आणि गाणं असं वेगळं काढता येत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या मुळशीकडच्या. संग्रहालयातून आल्यावर संध्याकाळी मी त्यांना उत्साहानं हे सगळं सांगायला लागले. त्या लाटता लाटता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गिरणी आली ना ताई, तवा आमची आई पहिल्यांदा उजाडस्तोवर झोपली. आम्ही पोरं घाबरलो, उठत का नाही म्हणून."

मी गप्प झाले. ओव्या थांबल्या ह्याची हळहळ करण्याचा मला किती हक्क आहे? पहाटे तीनला उठून जातं ओढणाऱ्या बाईला गाणं हा विरंगुळा होता आणि आधारही. कष्ट सुंदर होते असं तिनं कधी म्हटलेलं नाही. आईसुद्धा नोकरी करून दिवाळीत शंभर-शंभर करंज्यांना मुरड घालायची. रात्री साडेबारा-एकला ओट्याशी उभी असलेली तिची पाठ मला आठवते, आणि त्या वेळी त्या घड्यांकडे कोणीही बघत नव्हतं. मीही नाही. आज ह्या हातांचं कौतुक लिहिताना ती पाठ मी विसरले तर लिहिण्यात काही अर्थ नाही.

पण मावशींचीच एक गोष्ट सांगायची आहे. आईचा हात मोडला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी डबा उघडला तर आमच्या नेहमीच्या पोळ्यांवर चार अगदी छोट्या पोळ्या, तळहाताएवढ्या. मी म्हटलं, कणीक उरली का? त्या म्हणाल्या, "न्हाई. आईंच्या आहेत. डाव्या हातानं मोठी पोळी तोडता येत न्हाई, निसटती. ही अशी गुंडाळून धरता येईल." आम्ही घरातली सगळी माणसं दोन दिवस आईला भरवत होतो आणि आईला ते आवडत नव्हतं, हे आम्हाला दिसत होतं आणि काही सुचत नव्हतं. मावशींना पाच घरं असतात. आमच्याकडे त्या पाऊण तास असतात. त्या पाऊण तासात, पाठमोऱ्या उभ्या राहून, त्यांनी ते बघितलं होतं. आणि ह्या छोट्या पोळ्यासुद्धा घडीच्या. तेलाचं बोट, पिठाची चिमूट, दुमडून त्रिकोण, पुन्हा लाटून गोल. वाटीएवढ्या पोळीलाही पदर सुटलेले. आईनं त्या दुपारी भाजी गुंडाळून, कोणाची मदत न घेता, तीन खाल्ल्या. मी हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढलं. एखाद्या अडचणीचं इतकं नेमकं उत्तर मी कागदावर कधी पाहिलेलं नाही.

दोन तासांनी गडू आणायला गेले होते ते सांगायचं राहिलंच. पोचा गेला होता. ती जागा शोधायला मला बराच वेळ लागला, शेवटी त्यांनीच बोट ठेवून दाखवली. नवे ठोके जुन्यांना असे जोडून घेतले होते, की ओळ मधे तुटत नव्हती. घरी आल्यावर आईनं गडू डाव्या हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं चाचपत ती जागा बरोबर ओळखली. "इथं," म्हणाली. "चांगलं केलंय."

प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं. खालून निघालेला हात बारीक झाला होता, कातडी कोरडी, बोटं ताठ. मूठ अर्धीच मिटत होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं एक मऊ चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायचा, प्रत्येक बोट अंगठ्याला लावायचं. आईनं दोन दिवस चेंडू दाबला. तिसऱ्या दिवशी तो टेबलावर तसाच पडलेला दिसला म्हणून मी रागवायला गेले, तर ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. समोर परात उपडी घातलेली, तिच्यावर कणकेची एक पारी. सारण नाही, काही नाही. दुमडलेली नुसती रिकामी पारी, आणि तिच्या कडेला अंगठा टेकवून ती ताकद लावत होती. घडी बसत होती, पण दाब कमी पडला की उलगडत होती. पाच-सहा घड्या झाल्या की थांबून श्वास घ्यायची. मग सगळं मोडून पुन्हा गोळा, पुन्हा लाटायला मला हाक.

व्यायामाच्या मुलीला मी भीत भीत सांगितलं. तिनं आईला करून दाखवायला लावलं, खाली वाकून अंगठ्याची हालचाल नीट पाहिली आणि म्हणाली, "आजी, हेच करा. रोज करा."

आता दिवाळीला नऊ दिवस आहेत. दुपारी चारला माझा चहा होतो आणि आईची कणीक. मीही तिच्याशेजारी एक पारी घेऊन बसते. दोघी बोलत नाही फारशा. काल तिच्या कडेला सलग नऊ घड्या टिकल्या होत्या. आज तिनं शेवटचं टोक पोटाखाली नेऊन चिकटवलं, करंजी उचलून उजेडात धरली आणि अंगठ्यानं एकेक घडी चाचपत मोजली.

"अकरा," म्हणाली. मग माझ्या कडेकडे बघितलं. "तुझी चौथी सुटतीये. दाब."